पुजोल्सला दहा वर्षं द्यायला हवी होती का? सेंट लुईस कार्डिनल्सचं २०११ चं प्रकरण

८ डिसेंबर २०११, गुरुवार. आमच्या ऑफिसात त्या दिवशी कुणाचंच कामात लक्ष नव्हतं. मला सेंट लुईसला येऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, बेसबॉल नुकतं कुठे कळायला लागलं होतं, आणि ज्याने मला स्कोअरकार्ड वाचायला शिकवलं तो माझ्या शेजारच्या क्युबिकलमधला मित्र खुर्चीच्या पाठीवर बारा महिने टाकलेली पाच नंबरची पांढरी जर्सी काढून शांतपणे घडी घालत होता. बाह्या आत, मग अर्धी, मग परत अर्धी, आणि मग खालच्या ड्रॉवरमध्ये. अल्बर्ट पुजोल्स लॉस एंजेलिसच्या एंजल्सकडे गेला होता, दहा वर्षं, २४ कोटी डॉलर. आणि सहाच आठवड्यांपूर्वी त्याच्यासह कार्डिनल्सनी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची फायनल, जिंकली होती.

त्या दिवसापासून आमचा वाद सुरू झाला तो अजून चालू आहे. वय वाढत चाललेल्या, मोठे फटके मारणाऱ्या आपल्या माणसाला टीमने लांब मुदतीचा करार द्यावा का? हा प्रश्न बेसबॉलमध्ये दरवर्षी कुठल्या ना कुठल्या शहरात येतोच, पण पुजोल्सचं प्रकरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत डोळ्यासमोर घडलं, आकडे सगळे उघड आहेत, म्हणून हेच घेऊन बसतोय.

ज्यांना बेसबॉलची सवय नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट आधी सांगतो कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. बीसीसीआयचे करार वर्षाचे असतात, आयपीएलमध्ये टीमला नको झालं की सोडून देता येतं. मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, तसं नाही. करारावर सही झाली की पैसे पक्के. फॉर्म गेला, गुडघा गेला, टीमनेच घरी पाठवलं, तरी ठरलेली रक्कम द्यावी लागते. म्हणजे एकतिसाव्या वर्षी सही करताना टीम एकेचाळिसाव्या वर्षाच्या माणसालाही विकत घेत असते, आणि तो माणूस कसा असेल हे कुणी पाहिलेलं नसतं.

आता पुजोल्स कोण होता ते. जन्म १९८० चा, सांतो दोमिंगोचा. पोरगा असताना अमेरिकेत आला, मिसुरीतल्या इंडिपेंडन्समध्ये शाळा केली. १९९९ च्या ड्राफ्टमध्ये (टीम आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) कार्डिनल्सनी त्याला तेराव्या फेरीत घेतलं, त्याच्या आधी चारशेएक पोरांची नावं पुकारून झाली होती. दोन वर्षांत तो मेजर लीगमध्ये, आणि पहिल्याच सीझनला .३२९ ॲव्हरेज (म्हणजे हजार संधींत ३२९ हिट), ३७ होमरन, १३० आरबीआय (त्याच्या बॅटिंगवर टीमला मिळालेल्या रन). मग ११ वर्षं हेच. ४४५ होमरन, .३२८ ॲव्हरेज, तीन वेळा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू), दोन वर्ल्ड सिरीज. २०११ च्या वर्ल्ड सिरीजच्या तिसऱ्या मॅचमध्ये टेक्सासविरुद्ध एकाच रात्रीत तीन होमरन मारले. त्याच सीझनमध्ये जूनमध्ये मनगटाला फ्रॅक्चर झालं होतं, अंदाज होता चार ते सहा आठवडे लागतील, हा पंधरा-सोळा दिवसांत परत मैदानात. बुश स्टेडियमबाहेर स्टॅन म्युझियलचा पुतळा आहे, तो माणूस पूर्ण बावीस सीझन याच एका टीमकडून खेळला, लोक त्याला 'द मॅन' म्हणायचे. पुजोल्सला कुणी 'एल होम्ब्रे' म्हणायला लागलं, म्हणजे स्पॅनिशमध्ये तेच, तेव्हा त्याने स्वतः सांगितलं की असं म्हणू नका, तो मान म्युझियलचा आहे. असा माणूस. शहराने त्याला घरचाच मानला होता, आणि घरच्या माणसाशी पैशाचं बोलणं किती अवघड असतं ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि पैशाचं बोलणं उशिरा सुरू झालं, हीच पहिली चूक. २००४ मध्ये त्याने सात वर्षांसाठी १० कोटींचा करार केला होता आणि त्याच्या खेळाच्या मानाने ते स्वस्तात पडलं, एमव्हीपी पातळीचा माणूस शेवटच्या वर्षी १.६ कोटींवर खेळत होता. त्यामुळे २०११ उजाडेपर्यंत त्याच्या मनात, आणि लोकांच्याही मनात, टीमचं देणं बाकी राहिलंय असा हिशोब होता. फेब्रुवारीत त्याने मुदत घातली, ट्रेनिंग कॅम्प सुरू होण्याआधी ठरलं तर ठरलं, नाहीतर सीझन संपेपर्यंत बोलणी नाहीत. ठरलं नाही. सीझन संपल्यावर पाच वर्षं १३ कोटी अशीही एक ऑफर झाली आणि ती ऐकून अपमान वाटला असं त्याच्या बायकोने नंतर तिथल्या रेडिओवर सांगितलं. हा १३ कोटींचा आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे. शेवटी कार्डिनल्स दहा वर्षं २१ कोटींपर्यंत आले, त्यातले ३ कोटी नंतर द्यायचे. एंजल्सनी २४ कोटी दिले, वर निवृत्तीनंतर क्लबबरोबर काम करण्याचा वेगळा करार. गेला.

आता त्या डिसेंबरात जनरल मॅनेजर जॉन मोझेलायकच्या खुर्चीत बसून बघू, पुढचं काही माहीत नाही असं धरून. कारण नंतर काय झालं ते बघून शहाणपण सांगणं सोपं आहे, त्या दिवशी टेबलावर काय होतं ते महत्त्वाचं.

टेबलावर घसरण होती. वॉर नावाचा एक आकडा असतो, म्हणजे मायनर लीगमधून स्वस्तात उचललेल्या एखाद्या साध्या खेळाडूच्या तुलनेत याने टीमला किती मॅच जास्त मिळवून दिल्या. पुजोल्सचा २००९ ला साडेनऊच्या वर, २०१० ला साडेसात, २०११ ला सव्वापाचच्या आसपास. बेसवर पोचण्याचं प्रमाण .४४३, मग .४१४, मग .३६६. २०११ ला पहिल्यांदाच ॲव्हरेज .३०० च्या खाली आणि आरबीआय शंभराच्या खाली गेले, .२९९ आणि ९९, लोक म्हणाले एक पॉइंट आणि एक रन, एवढ्यासाठी काय रडायचं. खरंय, त्या दोन आकड्यांसाठी नाही रडायचं. मी ज्या आकड्यापाशी थांबलो तो वॉकचा होता.

वॉक म्हणजे पिचरने चार बॉल स्ट्राइक झोनच्या (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीच्या) बाहेर टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले की त्याला फुकट फर्स्ट बेस, म्हणजे रन काढताना गाठायचा पहिला टप्पा. सोडून देणं ही यातली कला आहे. पुजोल्सचे वॉक २००९ ला ११५, २०१० ला १०३, आणि २०११ ला एकदम ६१. माझा मित्र म्हणाला अरे त्यात मुद्दाम दिलेले किती होते ते बघ ना, त्याला घाबरून पिचर जाणूनबुजून चालवत देतात, आता त्याच्या मागे मॅट हॉलिडे आहे, लान्स बर्कमन आहे, म्हणून तसे वॉक कमी झाले. मुद्दा बरोबर होता म्हणून मी बसून वजाबाकी केली. मुद्दाम दिलेले ४४, ३८ आणि १५. ते काढून टाकले तर उरतात ७१, ६५, ४६. म्हणजे घाबरून दिलेले सोडा, त्याने स्वतः डोळ्याने कमावलेले वॉकसुद्धा तिसऱ्या वर्षी धाडकन खाली आले होते. त्याच सीझनला २९ वेळा त्याच्या फटक्यावर डबल प्ले झाला, लीगमध्ये सगळ्यात जास्त.

हे दोन्ही एकत्र ठेवून बघितलं की अंगावर काटा येतो. बॅटचा वेग थोडा कमी झाला की बॅटरला आधी ठरवावं लागतं, आधी ठरवायला लागलं की बाहेरच्या बॉलवर बॅट जाते, बॉल नीट मधोमध लागत नाही आणि जमिनीवरून शॉर्टस्टॉपच्या फिल्डरकडे जातो, आणि पाय जड झाले असतील तर एकाच्या जागी दोन आउट. ताकद कायम असते, म्हणून होमरन दिसत राहतात, २०११ लाही ३७ होतेच, आणि होमरन दिसत राहिले की सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. मोठे फटके मारणाऱ्याचं वय असं फसवतं, आधी डोळा आणि पाय जातात, ताकद सगळ्यात शेवटी.

शिवाय शरीराचा इतिहास. टाचेचं दुखणं, ज्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात, ते जुनं होतं. कोपराची दुखणी जुनी, ऑपरेशन झालेलं. मेजर लीगचे दोन भाग, नॅशनल लीग आणि अमेरिकन लीग, कार्डिनल्स पहिल्यात, एंजल्स दुसऱ्यात. आणि तेव्हा नॅशनल लीगमध्ये डेझिग्नेटेड हिटर (डीएच) नव्हता! हा मुद्दा मला सगळ्यात मोठा वाटतो. अमेरिकन लीगमध्ये फक्त बॅटिंग करणारा एक माणूस ठेवता येतो, फिल्डिंगला यायची गरज नाही, त्यामुळे एंजल्सकडे म्हातारपणाची सोय होती. कार्डिनल्सकडे फर्स्ट बेसवर रोज उभं राहणं किंवा बेंचवर बसणं, एवढेच दोन रस्ते. डीएच सगळीकडे कायमचा लागू झाला २०२२ ला, म्हणजे तो दहा वर्षांचा करार संपल्यावर!

धडा शिकायला लांब जायचीही गरज नव्हती. फिलाडेल्फियाने रायन हॉवर्डला २०१० मध्येच पाच वर्षं १२.५ कोटींची वाढीव मुदत देऊन टाकली होती, सुरू व्हायची होती २०१२ पासून. ७ ऑक्टोबर २०११ ला याच कार्डिनल्सविरुद्ध, प्लेऑफच्या निर्णायक मॅचचा शेवटचा आउट हॉवर्डचा, फर्स्ट बेसकडे पळायला निघाला आणि अकिलीस टेंडन तुटून वाटेत खाली बसला. कार्डिनल्सचे खेळाडू पिचरच्या अंगावर उड्या मारत होते आणि टीव्हीच्या कोपऱ्यात तो पाय धरून बसलेला. नवीन कराराचा एक डॉलरही अजून सुरू व्हायचा होता.

दुसऱ्या बाजूनेही बोलतो, कारण ती बाजू खोटी नव्हती. टीम म्हणजे नुसता हिशोब नाही. सेंट लुईस छोटं मार्केट, पण तेव्हा वर्षाला तीस लाखांवर लोक स्टेडियममध्ये यायचे, आणि पोरं मोठी झाली ती पुजोल्स बघत. म्युझियलसारखा एकच माणूस एकाच टीममध्ये आयुष्यभर, याची त्या गावात किंमत आहे आणि ती पैशात मोजता येत नाही असं माझा मित्र म्हणतो. शिवाय टॉनी ला रुसा वर्ल्ड सिरीज जिंकून तीन दिवसांत निवृत्त झाला होता, मॅनेजरही गेला आणि आता हाही, लोकांना वाटलं घर मोडतंय.

मग झालं काय? एंजल्सनी करार असा रचला होता की पैसे वर्षागणिक चढत जातील, पहिल्या वर्षी १.२ कोटी, मग १.६, मग २.३, आणि तिथून दरवर्षी दहा लाख वाढत शेवटी २०२१ ला ३ कोटी. बेरीज केली तर पहिल्या पाच वर्षांचे १० कोटी आणि नंतरच्या पाच वर्षांचे १४ कोटी. आणि होमरन? पहिल्या पाच वर्षांत १४६, नंतरच्या पाच वर्षांत ७६. म्हणजे पैसा वर चालला आणि खेळ खाली, बरोबर उलटा. (२०२० ला कोविडमुळे साठच मॅचेस झाल्या आणि सगळ्यांचेच पगार त्या प्रमाणात कापले गेले, तेवढं सोडून द्या.) २०१३ ला टाचेने दगा दिला, ९९ मॅचेसवर सीझन संपला. २०१५ ला ४० होमरन मारले पण ॲव्हरेज .२४४. २०१७ ला १०१ आरबीआय दिसायला छान, पण वॉर चक्क शून्याच्या खाली, म्हणजे मायनर लीगमधला कुणीही उभा केला असता तरी टीमचं जास्त भलं झालं असतं. कार्डिनल्सकडची ११ वर्षं मिळून वॉर ८६ च्या पुढे, एंजल्सकडची जवळजवळ दहा वर्षं मिळून १३ च्या आसपास. एंजल्स या सगळ्या काळात, माइक ट्राउटसारखा खेळाडू हाताशी असताना, एकदाच प्लेऑफमध्ये गेले, २०१४ ला, आणि कॅन्सस सिटीकडून तीनपैकी तीन हरून आले. मे २०२१ मध्ये शेवटच्या वर्षाचे पाच महिने बाकी असताना त्यांनी त्याला सोडलं, तेव्हा ॲव्हरेज .१९८ होतं.

इकडे कार्डिनल्सनी त्याच डिसेंबरात कार्लोस बेल्ट्रानला दोन वर्षं २.६ कोटींत घेतलं. फर्स्ट बेसला ॲलन क्रेग, घरचाच, स्वस्त, २०१२ ला .३०७ आणि ९२ आरबीआय. वाचलेल्या पैशात कॅचर याडिएर मोलिनाला पाच वर्षं ७.५ कोटी, पुढच्या वर्षी पिचर ॲडम वेनराइटला पाच वर्षं ९.७५ कोटी. आणि त्यावेळच्या नियमाप्रमाणे पुजोल्स गेल्याची भरपाई म्हणून ड्राफ्टमध्ये एंजल्सची पहिल्या फेरीची जागा मिळाली, एकोणिसावी, तिच्यावर पिचर मायकल वाका घेतला. ऑक्टोबर २०१३ मध्ये हाच बावीस वर्षांचा पोरगा डॉजर्सचा पिचर क्लेटन कर्शॉसमोर दोनदा उभा राहिला, दोन्ही मॅच जिंकल्या, नॅशनल लीगच्या फायनलचा एमव्हीपी झाला आणि टीम वर्ल्ड सिरीजला गेली. बॉस्टनकडून हरली, पण गेली. प्रेक्षक घटले नाहीत, वाढले.

इथपर्यंत आलं की सगळे म्हणतात, बघा, कार्डिनल्सचं शहाणपण. आणि इथेच माझं पटत नाही. अरे, त्यांनी स्वतः दहा वर्षं दिली होती ना! पुजोल्स २१ कोटींना हो म्हणाला असता तर? साधारण ११ कोटींच्या वार्षिक पगारखर्चात २.१ कोटी एका माणसाचे, डीएच नाही, आणि २०१७ चा तो पुजोल्स रोज फर्स्ट बेसवर. मोलिनाचं काय झालं असतं, वेनराइटचं काय, वाका तर आलाच नसता. ते वाचले कारण कॅलिफोर्नियात कुणीतरी तीन कोटी जास्त द्यायला तयार होतं. याला मी शहाणपण म्हणणार नाही, नशीब म्हणेन. पैशावर ते अडून राहिले, पण वर्षांवर त्यांनी हात टेकले होते, आणि नुकसान वर्षांमध्ये होतं. वर्षाला अडीच-पावणेतीन कोटी देऊन सहा वर्षं म्हटली असती तर मी आनंदाने सही केली असती, सातव्या वर्षाला नाही म्हटलं असतं.

हे मी हवेत बोलत नाही, कारण पुढे कार्डिनल्सनी अगदी हाच प्रयोग करून दाखवला. डिसेंबर २०१८ ला ॲरिझोनाकडून पॉल गोल्डश्मिट आणला, तोही फर्स्ट बेस, तोही उजव्या हाताचा, आणि मार्च २०१९ मध्ये त्याला करार दिला, पाच वर्षं, १३ कोटी. तोच आकडा! आणि वर्षंही तीच, बत्तीस ते छत्तीस. २०२२ ला गोल्डश्मिट एमव्हीपी झाला. २०२४ ला ॲव्हरेज .२४५ वर आलं, करार संपला, हात मिळवला, मोकळे. घसरण त्यालाही चुकली नाही, पण घसरण आणि कराराचा शेवट एकत्र आले. पाच-सहा वर्षांची मुदत एवढंच करते आणि तेवढं पुरतं.

प्रत्येक वेळी सोडून द्यावं असंही नाही हां. अटलांटाने फ्रेडी फ्रीमनला जाऊ दिलं, तो डॉजर्सकडून सहा वर्षांच्या करारावर २०२४ च्या वर्ल्ड सिरीजचा एमव्हीपी झाला. ॲरन जजला यँकीजनी नऊ वर्षं ३६ कोटी दिले आणि २०२४ ला तो एमव्हीपी होता, पण त्या करारातली पस्तिशीनंतरची वर्षं अजून यायची आहेत, तेव्हा बोलू. जजचे वॉक वाढत गेले होते, पुजोल्सचे कमी होत होते, माझ्यासाठी तोच फरक.

मित्राची बाजू मला सगळ्यात जास्त पटली ती जून २०१९ मध्ये. एंजल्स पहिल्यांदा बुश स्टेडियमला आले, आम्ही दोघं आणि माझी मुलगी वरच्या स्टँडमध्ये. पुजोल्स पहिल्यांदा बॅटिंगला आला, लाल कपड्यांत पण दुसऱ्यांच्या, आणि कॅचर मोलिना उठून होम प्लेटच्या पुढे जाऊन उभा राहिला, प्लेट पायाने साफ करत, उगाच वेळ काढत, म्हणजे खेळ सुरू होऊ नये आणि लोकांच्या टाळ्या थांबू नयेत. मग दोघांनी मिठी मारली. माझ्या शेजारी मित्र रडत होता आणि त्याने ती जर्सी घातली होती, ड्रॉवरमधली, घड्यांच्या रेघा पाठीवर तशाच. दुसऱ्या दिवशी पुजोल्सने आमच्याच टीमविरुद्ध होमरन मारला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं.

२०२२ ला कार्डिनल्सनी त्याला परत आणलं, एक वर्ष, २५ लाख डॉलर, डीएच म्हणून, जास्त करून डावखुऱ्या पिचरसमोर. जुलैच्या मध्यापर्यंत सहा होमरन, मग ऑक्टोबरपर्यंत आणखी अठरा, बेचाळीस वर्षांचा माणूस, २३ सप्टेंबरला लॉस एंजेलिसमध्ये सातशेवा. गोल्डश्मिट फर्स्ट बेसवर, पुजोल्स त्याच टीममध्ये बॅट घेऊन. २ ऑक्टोबरला, प्लेऑफआधीच्या घरच्या शेवटच्या मॅचला त्याने ७०२ वा मारला आणि पाचव्या इनिंगमध्ये मोलिना आणि वेनराइटबरोबर एकत्र मैदानाबाहेर आला.

मित्र म्हणतो, बघ, हे दहा वर्षं इथेच बघायला मिळालं असतं. मी म्हणतो, २०१७ पण बघावं लागलं असतं, आणि मोलिना-वेनराइट त्या दिवशी त्याच्याबरोबर असतेच असं नाही. त्यावर तो म्हणतो, तरी चाललं असतं. इथे आम्ही थांबतो, कारण त्याचं ते 'चाललं असतं' खरं आहे, आणि माझी सहा वर्षंही मला तेवढीच खरी वाटतात.